पैठणची नाणी आणि रूमचा दीनार

छत्रपती संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटर. आपल्याकडची कुटुंबं तिथे जातात ती नाथसागर पाहायला, नाहीतर घरात शादी निघाली की पैठणी घ्यायला. आम्हीही साडीच्याच निमित्ताने गेलो, पण निम्मा दिवस गेला तो नाण्यांत.

गोदावरीच्या काठाला जुन्या वस्तीची पांढरी आहे. पाऊस पडून माती धुपली की मणी, खापरं, नाणी वर येतात, हे पैठणच्या पोरासोरांनाही ठाऊक. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने 1937 साली इथे उत्खनन केलं. त्या काळी खात्याचे प्रमुख होते गुलाम यझदानी. अजिंठ्याच्या चित्रांवरचे त्यांचे मोठे ग्रंथ अभ्यासक आजही काढून बघतात. आपल्या मुलांना हे नाव माहीत असायला हवं.

बाळासाहेब पाटील यांनी गावात हिंडून जमवलेल्या वस्तूंचं आता शासकीय संग्रहालय झालं आहे. तिथली सातवाहनांची नाणी पाहून मुलं जरा हिरमुसली. शिशाची, तांब्याची, काळवंडलेली. कुठे हत्ती, कुठे नुसती चिन्हं. ‘राजे होते ना? मग सोन्याची का नाहीत?’

प्रश्न रास्त होता. सातवाहनांनी सोन्याची नाणी पाडलीच नाहीत. सोनं यायचं बाहेरून. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी पुस्तकात, ‘पेरिप्लस’मध्ये, पैठणचं नाव आहे: भडोच बंदरापासून दक्षिणेला 20 दिवसांची वाट, आणि तिथून गाड्या भरभरून गोमेदासारखे रंगीत दगड येतात. त्याच बंदरात रोमची सोन्या-चांदीची नाणी उतरत आणि बदलून देताना नफा होई, असंही त्यात लिहिलं आहे.

बरोबर आलेल्या खालांच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती. त्या म्हणाल्या, ‘आमच्या नानी म्हणायच्या, ही नाणी रूमची आहेत.’ मग आमच्यातल्या नाण्यांच्या शौकिनाने तिथेच ओसरीवर ओळखायची रीत समजावली. ती इथे देतो, कारण जुन्या जेवरात असं नाणं अजूनही निघू शकतं.

पहिली खूण वजनाची. सातवाहन काळातलं रोमन सोन्याचं नाणं सात ते आठ ग्रॅमचं असतं आणि त्यावर बादशहाचा चेहरा एका बाजूने दिसतो. चौथ्या शतकात बादशहा कॉन्स्टंटाइनने सॉलिडस नावाचं हलकं नाणं काढलं, साधारण साडेचार ग्रॅमचं. तोवर सातवाहन संपलेले होते. तेव्हा सॉलिडस दाखवून कोणी ‘सातवाहनांच्या वेळचं’ म्हणाला, तर त्याचा हिशोब कित्येक दशकांनी चुकतो.

सॉलिडसमध्येही प्रकार आहेत. पाचव्या शतकातल्या पुष्कळ नाण्यांवर बादशहा समोर, किंचित तिरपा बघतो: डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर भाला, हातात ढाल. मागे उंच क्रूस धरलेली पंखवाली स्त्री. जस्टिन पहिला (518 ते 527) याच्या काळात त्या स्त्रीच्या जागी समोर बघणारा फरिश्ता आला. पुढे जस्टिनियनने भाला काढून बादशहाच्या हातात क्रूसाचा गोळा दिला. तळाशी ‘कॉनॉब’ अशी अक्षरं असली, तर ती कॉन्स्टँटिनोपल आणि शुद्ध सोनं यांची खूण. मागच्या मजकुराच्या शेवटी एखादं सुटं ग्रीक अक्षर असतं, तो टांकसाळीतल्या कारखान्याचा क्रमांक. नक्कल इथेच पकडली जाते. हिंदुस्थानात घडवलेल्या नकलांवर अक्षरांच्या नुसत्या रेघा होतात, कारण कारागिराला ती लिपी वाचता येत नव्हती.

हाच सॉलिडस अरबस्तानात दीनार म्हणून चालत होता. खलीफा अब्दुल मलिक यांनी हिजरी 77 मध्ये चित्रं काढून टाकली आणि फक्त मजकुराचा, सव्वाचार ग्रॅमचा दीनार पाडला.

खालांच्या पुतळ्या मात्र ना रूमच्या, ना त्या काळच्या. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि त्यावर एका उभ्या संतापुढे गुडघे टेकलेला माणूस. हे व्हेनिसच्या डुकाटचं चित्र. ते नाणं 1284 साली पहिल्यांदा निघालं आणि दख्खनमध्ये बाहुल्यांसारख्या आकृत्यांमुळे ‘पुतळी’ झालं. इथल्या सोनारांनी त्याच्या नकलाही भरपूर केल्या. खाला थोड्या खट्टू झाल्या. ‘म्हणजे नानींचं खोटं?’ खोटं कसं? फिरंगी सोन्याला सरसकट ‘रूमचं’ म्हणायची सवय असणार, एवढंच.

शेतात किंवा पाया खणताना असं काही सापडलं तर लोक घाबरून थेट मुशीत टाकतात. सोन्याचा भाव मिळतो, पण बादशहा, टांकसाळ, सापडल्याची जागा, सगळं पाच मिनिटांत वितळून जातं. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. सरकारने ते ठेवून घेतलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. तोवर नाणं चिंच-मिठाने घासू नका, त्याला कडी लावू नका, आणि ते नेमकं कुठे मिळालं ते कागदावर लिहून त्याच्याबरोबर ठेवा.