ठिपक्याभोवतीचं वर्तुळ

सकाळी इन्क्युबेटर उघडून प्लेट उजेडाकडे धरणं हे माझं अत्यंत आवडतं काम. अगारवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा रोगकारक जिवाणू सायीसारखा सलग पसरलेला असतो. त्यावर आदल्या दिवशी टेकवलेला दुसऱ्या जिवाणूचा ठिपका दिसतो, आणि कधीतरी त्याभोवती काहीच न उगवलेलं वर्तुळ.

नवे विद्यार्थी ते पाहून हरखतात. मी मात्र त्यांना लगेच मोजपट्टी हाती घेऊ देत नाही. जिवाणूनं नुसतं आम्ल सोडलं तरी वर्तुळ पडतं. म्हणून जिवाणू वाढवलेला द्रव गाळून, उदासीन करून पुन्हा तपासायचा. हायड्रोजन पेरॉक्साइडनंही पडतं; तिथे कॅटलेज घालून पाहायचं. ठिपक्याशेजारी प्रथिनं तोडणाऱ्या प्रोटीएजचा थेंब ठेवल्यावर त्या बाजूनं वर्तुळाला खाच पडली, तर मारणारा पदार्थ प्रथिनाच्या जातीचा, बहुधा बॅक्टेरिओसिन. फाजची, म्हणजे जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूची शंका असेल, तर द्रव पातळ करत त्याचे थेंब ऑरियसच्या थरावर टाकत जायचं. बॅक्टेरिओसिनचा डाग सगळीकडे सारखाच फिका होत जातो. फाजचा डाग मात्र सुट्या बारीक छिद्रांत फुटतो. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुढे विसरला जात नाही.

वर्तुळ न पडण्याचा अर्थ लावणं मला याहून अवघड वाटतं. जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठाच्या गटानं २०१६ साली माणसाच्या नाकातल्या स्टॅफिलोकॉकस लुगडुनेन्सिसमधून लुगडुनिन हे प्रतिजैविक वेगळं केल्याचं जाहीर केलं. हा जिवाणू ऑरियसला रोखताना दिसला तो लोह कमी असलेल्या अगारवर. द्रव माध्यमात त्याचा काही परिणाम दिसला नाही. आपल्या शरीरातल्या द्रवांतही जिवाणूंना लोहाची चणचणच असते. भरपेट खाऊ घालणाऱ्या माध्यमावर अशी किती संरक्षक द्रव्यं आपल्या हातून निसटत असतील! म्हणून नमुना कुठला, तिथे जिवाणूला काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे मी माध्यम ठरवण्याआधी विचारते.

त्या गटानं तपासलेल्या रुग्णांत, ज्यांच्या नाकात लुगडुनेन्सिस होता त्यांच्यापैकी ५.९ टक्क्यांतच ऑरियस आढळला, इतरांत ३४.७ टक्के. पण याच लुगडुनेन्सिसमुळे हृदयाच्या झडपांना गंभीर संसर्गही होतो. त्यामुळे तो जिवंत कुणाच्या नाकात सोडावा असं मला वाटत नाही. माझी आशा आहे ती शुद्ध केलेल्या लुगडुनिनवर. उंदरांच्या त्वचेवरच्या ऑरियसच्या संसर्गात ते लावून उपयोग झाल्याचं याच गटानं दाखवलं आहे.