डाळिंबाच्या बागेचं जमा आणि नावे

डाळिंबाची बाग किती कार्बन ओढते, असं आता नेवासा तालुक्यातले बागायतदारही विचारू लागले आहेत. कार्बन क्रेडिटची चर्चा पारापर्यंत पोचली आहे. झाडं मोजायची, त्याला अमुक किलोनं गुणायचं, की झाला हिशेब, अशी समजूत. मी मोजतो ती बाग आणि हवा यांच्यातली देवघेव, आणि तिच्यात नावेची बाजू जमेपेक्षा फारशी लहान नसते.

उन्हात पानं कार्बन डायऑक्साइड आत घेतात; खोड, मुळं आणि मातीतले जिवाणू तो रात्रंदिवस बाहेर सोडतात. खरी ती शिल्लक. ती मोजायची जगन्मान्य रीत म्हणजे एडी कोव्हेरिअन्स. बागेच्या माथ्यावर ध्वनिलहरींनी वारा मोजणारं आणि अवरक्त किरणांनी वायू मोजणारं अशी दोन यंत्रं शेजारी शेजारी लावतात. दोन्ही सेकंदाला १० ते २० नोंदी घेतात. हवेचा भोवरा वर गेला की खाली आला, आणि त्यात कार्बन डायऑक्साइड सरासरीहून जास्त होता की कमी, हे जोडीनं पाहायचं. अर्ध्या तासाच्या नोंदींवरून त्या वेळी बाग घेत होती की देत होती ते कळतं. इटलीत सफरचंदाच्या आणि ऑलिव्हच्या बागा अशा मोजल्या गेल्या आहेत.

नेवाशात ही रीत अडते ती बांधावर. यंत्राच्या आकड्यात वाऱ्याकडच्या बाजूचं, ढोबळमानानं उंचीच्या १०० पट अंतरापर्यंतचं रान येतं. यंत्र ५ मीटरवर असेल तर ५०० मीटर. चौरस एकराची बाजू मात्र जेमतेम ६४ मीटर! मुळा धरणाच्या पाण्यावरच्या या पट्ट्यात डाळिंबाला खेटून ऊस असतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून पश्चिमेच्या शेजाऱ्याचा ऊस आकड्यात शिरतो. थंडीत वारा फिरला की पूर्वेकडचा गहू-कांदा. उसाची कमाई डाळिंबाच्या नावावर चढते.

म्हणून लहान बागेत आधी मातीजवळ बसावं लागतं. पीव्हीसीचं कडं जमिनीत रोवायचं, माती स्थिरावू द्यायची, मग वर हवाबंद झाकण ठेवायचं. आतला आकडा बाहेरच्या हवेच्या सव्वाचारशे पीपीएमवरून चढू लागतो. दोन-तीन मिनिटांत तो किती वेगानं चढला, त्यावरून माती किती सोडते ते ठरतं. ड्रीपरखालचं कडं आणि दोन ओळींमधल्या कोरड्या पट्ट्यातलं कडं एकाच बागेतली वाटत नाहीत, इतका फरक पडतो. दोन्हीकडे मोजल्याशिवाय सरासरी काढणं व्यर्थ.

डाळिंबाची खरी गंमत ताणात आहे. आंबे बहार धरायचा तर नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडतात. भारी काळ्या रानात ताण बसायला वेळही जास्त लागतो. मग इथ्रेल फवारून पानगळ. पानंच नाहीत, तर जमा कुठून होणार? त्यात छाटणी, शेणखत आणि पहिलं पाणी. सुकलेली माती भिजताच जिवाणू जागे होतात आणि कार्बन डायऑक्साइडचा लोंढा सुटतो. केनियात काम करणाऱ्या बर्च या शास्त्रज्ञानं १९५८ साली सुक्या मातीचं हे वागणं नीट मांडलं; आज ते त्याच्याच नावानं ओळखलं जातं. नवी पालवी भरेपर्यंत बाग हवेला देतच राहते. नेमके हेच आठवडे वगळून मोजणी केली, तर बाग भलतीच पुण्यवान ठरते.

पुढचा खर्च यंत्राला दिसत नाही. फळ बाजारात जातं, खाल्लं जातं आणि त्यातला बराचसा कार्बन पुन्हा हवेत येतो. टिकतो तो लाकडात, मुळांत आणि मातीतल्या सेंद्रिय अंशात. एक किलो सुक्या लाकडात साधारण अर्धा किलो कार्बन, म्हणजे हवेतून घेतलेला सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड. निरोगी छाटणीचा भुगा करून ओळीत पसरला तर थोडा अंश मातीत राहतो. तेल्या रोग असेल तर रोगट फांद्या बागेबाहेर नेऊन जाळाव्याच लागतात. तिथे कार्बनसाठी अडून बसणं शहाणपणाचं नाही. पण तेल्यानं किंवा मर रोगानं अख्खी बागच उपटून पेटवली, तर लाकडात साठवलेली कैक वर्षांची शिल्लक एका दिवसात जाते.

म्हणून कार्बन क्रेडिटच्या करारावर सही करण्याआधी बागायतदारानं विचारावं: ताणाचे महिने मोजलेत का? छाटणी धरली का? बाग काढावी लागली तर पैसे परत मागणार का? जमा दाखवणारे पुष्कळ भेटतील. नावेही लिहून दाखवेल त्याच्याशीच व्यवहार करावा.