हजेरी

दिवाळी अंकात रडगाणे गाऊ नये, असा एक जुना संकेत आहे. फराळाचे ताट पुढ्यात असताना वाचकाच्या घशात घास अडकवणे काही बरे नव्हे. मी तर लेखकही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतून जन्मभर पाढे म्हणवून घेतलेला एक निवृत्त मास्तर. तेव्हा आधीच सांगून टाकतो, की या हकिगतीत एक दुःख आहे, एक माझा स्वतःचा अपराध आहे. पण एक चांगली बातमीही आहे. वाचकांनी चकली हातात ठेवूनच वाचावे.

आमचे गाव धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात, बालाघाटच्या माळावर. इथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. म्हणून दसऱ्याचे सोने वाटून झाले, की गावात ट्रॅक्टर येऊन उभे राहू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल उन्हाळ्यातच खर्ची पडलेली असते. ताडपत्र्या, भांडीकुंडी, ज्वारीची पोती, एखादी शेळी आणि सर्वांत वर लेकरे, असा संसार ट्रॉलीत भरून माणसे सांगली-कोल्हापुराकडे, कर्नाटकाकडे ऊस तोडायला निघतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत गावात म्हातारी माणसे, कुत्री आणि मास्तर एवढेच उरतात. मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. दोन माणसे मिळून एक हत्यार, हे गणित मला अजून सुटलेले नाही.

पण दुसऱ्याच्या वहीला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. माझीही एक वही होती : हजेरीपट. दिवाळीची सुट्टी संपली, की माझा निम्मा वर्ग रिकामा होई. पट घटला की शिक्षक घटतो, वरून विचारणा होते; म्हणून मी रिकाम्या जागेपुढेही 'ह' काढीत असे. चांगला वळणदार काढीत असे. मनाची समजूत अशी, की यात कोणाचे काय जाते?

२०१३ साली माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. फार हुशार म्हणावी अशी नव्हती. पण चौकस होती. एकदा एखादी गोष्ट विचारली, की उत्तर मिळेपर्यंत समोरून हलायची नाही. त्या वर्षी तिची आई सहा महिन्यांची गरोदर असताना कामावर गेली. पट्टा पडल्यावर मंडळी परत आली, तेव्हा मी सहज विचारले, "काय गं, भाऊ झाला का बहीण?"

"भाऊ व्हता," ती म्हणाली. "तीन दिस व्हता. येळवशीच्या आदल्या दिशी गेला."

वेळा अमावस्या हा आमच्या भागातला मोठा सण. त्या दिवशी सारे गाव शेतात जेवायला असते. म्हणून तेवढी खूण तिच्या ध्यानात राहिली होती. मी मुकाट्याने कॅलेंडर पाहिले. अमावस्या १ जानेवारी २०१४ ला होती. म्हणजे मूल गेले ते ३१ डिसेंबरला. मग मी कपाट उघडून हजेरीपट काढला. ३१ डिसेंबर, मंगळवार. तिच्या नावापुढे माझ्या हातचा 'ह' होता. सांगलीकडच्या एका फडातल्या कोपीत ती मेलेले भावंड मांडीवर घेऊन बसली होती, आणि माझ्या वर्गात ती हजर होती.

हे मी कोणाला सांगितले नाही. पुढच्या वर्षी मात्र तिच्या आजीच्या मागे लागून मुलीला गावातच ठेवून घेतले. हंगामी वसतिगृहातून अशा मुलांच्या जेवणाची सोय होते. ती सोय लावून दिली आणि आपले पाप थोडे फिटले, असे मानून घेतले.

सातवीत असताना तिने विचारले, "गुर्जी, बारकं लेकरू मरतंय कशानं?" मला काय ठाऊक! मी शोधून वाचले आणि तिला सांगितले. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले. बाळ तोलायचे कसे, उबेत ठेवायचे कसे, श्वास मोजायचा कसा, जंतूंची बाधा ओळखून इंजेक्शन द्यायचे कसे, हे सारे त्या शिकल्या. तिथे आधी हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत. काही वर्षांत तो आकडा २५ वर आला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या जगप्रसिद्ध नियतकालिकात ते छापून आले आणि पुढे आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाण्याची सरकारी पद्धत त्याच कामातून निघाली.

तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आशाताई घरी येती. पर कोपी कोणाच्या गावात धरायची?"

मला उत्तर देता आले नाही.

दहावी झाल्यावर ती वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. "मला बारक्या लेकरांची डॉक्टर व्हायचंय," म्हणाली. मी शहाण्या माणसासारखा हिशेब मांडला. डॉक्टरकीची साडेपाच वर्षे, मग बालरोगाची तीन, मग नवजात बालकांच्या खास शिक्षणाची आणखी तीन, एकूण साडेअकरा. त्यापेक्षा परिचारिकेचे शिक्षण घ्यावे, लवकर मिळवती होईल. मला वाटले, मी दयेनेच बोलत होतो. परिचारिकेचे काम थोर आहे यात शंका नाही; पण मी ते थोर म्हणून सुचवले नव्हते, स्वस्त म्हणून सुचवले होते.

वडील बोटे मोजीत होते. "म्हंजी बारा पट्टे," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "चौदा धरा, गुर्जी. पोरगी पयल्या झटक्यात पास व्हईलच, आसं न्हाई."

निरक्षर माणसाचा हिशेब बरोबर निघाला. पहिल्या खेपेला 'नीट'मध्ये गुण कमी पडले. दुसऱ्या खेपेला, म्हणजे २०२३ साली, उस्मानाबादचे धाराशिव झाले त्याच वर्षी, तिला जिल्ह्याच्या ठिकाणच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. महाविद्यालय २०२२ साली सुरू झालेले. तेही नवजातच म्हणायचे.

गेल्या दिवाळीच्या आधी ती सुट्टीत गावी आली आणि फराळाला आमच्याकडे आली. नवजात बालकांच्या कक्षाबद्दल किती बोलू नि किती नको, असे तिला झाले होते. तळहाताएवढी बाळे, कावीळ उतरवणारा निळा उजेड, आपले लोक जिला नुसती 'पेटी' म्हणतात ती यंत्रे. "पण गुर्जी, पेटीच पाहिजे असं नाही. १९७८ साली बोगोटा शहरात डॉ. रे नावाच्या डॉक्टरांकडे पेट्या कमी पडल्या, तेव्हा त्यांनी बाळं आयांच्या छातीलाच बांधली. उघडी छाती, उघडं बाळ, वरून पांघरूण. २०२१ साली पाच देशांतल्या तपासणीत दिसलं, की अगदी कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यापासून असं धरलं तर चारातला एक मृत्यू टळतो. त्यात आपला देशही होता."

मग तिचा आवाज खाली आला. "तिसऱ्या दिवशी आई फडात गेली होती. खाडा पडला की पैसे कापतात. मी बाळाला दोन गोधड्यांत गुंडाळलं. वाटलं, तेवढं पुरे. आता कळलं, गोधडी ऊब देत नाही, असलेली ऊब राखते. त्याच्यापाशी राखायला नव्हतीच. मी त्याला पोटाशी धरायला पाहिजे होतं."

इतकी वर्षे ही मुलगी हे ओझे वागवीत होती आणि आम्ही तिला जिद्दी म्हणत होतो.

"पोरी," मी म्हणालो, "तू नऊ वर्षांची होतीस. त्या दिवशी तू माझ्या वर्गात असायला हवी होतीस." आणि मग, थांबता आले नाही म्हणून, त्या 'ह'ची गोष्ट तिला सांगितली.

ती बराच वेळ काही बोलली नाही. आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन आल्या आणि आमची तोंडे पाहून तशाच परत गेल्या. शेवटी ती गावच्या बोलीत म्हणाली, "म्हंजी मी वर्गात बी व्हते आन् फडात बी व्हते. बाळ मातर कुठंच न्हाई. ना जन्माच्या वहीत, ना मरणाच्या."

"मी काय करू सांग," मी विचारले.

"खरं ते लिवा. माझं नाव नको. त्याचं तर ठेवलंच न्हवतं."

म्हणून हे लिहिले. एवढ्याने काही भरून येत नाही, हे मला कळते.

दुसऱ्या दिवशी पहाटे टोळी निघाली. तिचे आईवडीलही त्यात होते. बारापैकी थोडेच पट्टे सरले आहेत. ट्रॉलीत एक सात महिन्यांची गरोदर सून चढत होती. ही पोरगी जुने लुगडे घेऊन तिच्याजवळ गेली आणि बाळ छातीशी कसे बांधायचे, पाय कसे दुमडायचे, मान कशी वळवायची, हे एका उशीवर करून दाखवू लागली. मुकादमाने दोनदा भोंगा वाजवला. तिने वळूनही पाहिले नाही. तिची आई ट्रॉलीच्या कडेला उभी राहून उशीकडे एकटक बघत होती.

ट्रॅक्टर हलला. मी काठी टेकून वर बसलेली लेकरे मोजली. नऊ होती. घरी येऊन ती नावे लिहून ठेवली आणि शाळेतल्या नव्या गुरुजींना नेऊन दिली.