एल्विनच्या जंगलातली धावण्याची वाट

नॉर्वेची राजधानी ओस्लो. शहराच्या एका कडेला ओस्टेनशो नावाची शांत वस्ती आहे. तिथे एक मोठे तळे आहे आणि पक्षी पाहण्याची आवड असणारे लोक उन्हाळ्यात दुर्बिणी घेऊन त्याच्या काठाने फिरतात. नोव्हेंबरमध्ये मात्र दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो आणि घराघरांतून दिवे लागतात. याच वस्तीतल्या एका घरात मात्स स्टेन हा तरुण आपल्या खोलीत संगणकापुढे बसलेला असे.

दुसरे ठिकाण आहे एल्विनचे जंगल. तिथे आगगाडी जात नाही, की विमानही उतरत नाही. पांढऱ्या दगडांच्या स्टॉर्मविंड शहराच्या वेशीतून बाहेर पडले, की उंच झाडांची राई सुरू होते. पाऊलवाटेने पुढे गेले की गोल्डशायर हे छोटे गाव लागते. गावात सराई आहे, लोहार आहे आणि जवळच तळेही आहे. हे सारे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या संगणकावरील खेळाच्या जगात आहे. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आणि २००५ च्या फेब्रुवारीत युरोपात सुरू झालेल्या या खेळात निरनिराळ्या देशांतले लोक एकाच वेळी एकाच जंगलात हिंडू शकतात आणि एकमेकांशी बोलू शकतात.

मात्सचे आयुष्य या दोन गावांमध्ये गेले.

पडणारे मूल

मात्सचा जन्म १९८९ चा. लहानपणी तो चालता चालता सारखा पडे. १९९३ मध्ये डॉक्टरांनी निदान केले, ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. हा रोग जन्मतःच असलेल्या जनुकीय दोषातून होतो आणि बहुतेक करून मुलग्यांनाच होतो. स्नायू टिकवून धरणारे एक प्रथिन शरीरात तयार होत नाही. आधी पाय जातात, मग हात, आणि शेवटी श्वासाचे आणि हृदयाचे स्नायू थकतात.

शाळेत असतानाच मात्सला चाकांची खुर्ची आली. मधल्या सुट्टीत इतर मुले फुटबॉल खेळत, तेव्हा या मुलाने काय करावे? वडिलांनी त्याला संगणकावरचे खेळ सुचवले. पुढे बोटांची थोडीशी हालचाल तेवढी शिल्लक राहिली, तेव्हा खास बनवलेल्या उपकरणांच्या साह्याने तो खेळत राहिला. शेवटच्या दहा वर्षांत तो १५ ते २० हजार तास खेळला. म्हणजे जवळजवळ सात ते दहा वर्षांच्या पूर्ण वेळ नोकरीइतका काळ!

आईवडिलांना काळजी वाटे. रात्री उशिरापर्यंत हा पडद्यापुढे. याला मित्र नाहीत, प्रेम नाही, कुणाच्या उपयोगी पडल्याचे समाधान नाही, असेच त्यांना वाटत होते. कोणत्या आईवडिलांना तसे वाटणार नाही?

जंगलातला इबेलिन

एल्विनच्या जंगलात मात्सचे नाव होते इबेलिन. उंच, रुंद खांद्यांचा, लांब केसांचा, पेशाने गुप्तहेर. या जंगलात तो रोज नेमाने धावायला जाई. ज्याला पाणी पिण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागे, तो इथे अर्धा अर्धा तास झाडांमधून धावत असे.

'स्टारलाइट' नावाच्या मंडळाचा तो सभासद होता. तीसेक माणसांचे हे मंडळ. त्याने शिक्षकाची पदवी घेतली नव्हती, पण या मंडळात त्याचे काम एखाद्या जाणत्या मास्तरांसारखेच होते. तो ऐकून घेई, मग मोजके बोले. डेन्मार्कमधील एका आईचा मुलगा स्वमग्न होता. मुलाशी जवळीक कशी साधावी, हे तिला उमगत नव्हते. दोघांनी हा खेळ एकत्र खेळावा, असे मात्सने सुचवले. मायलेक जंगलात भेटू लागले आणि तिथली जवळीक हळूहळू घरातही आली. नेदरलँड्समधल्या एका मुलीचा संगणक तिच्या आईवडिलांनी काढून घेतला होता. तेव्हा मात्सने त्यांना पत्र लिहून आपल्या मैत्रिणीची बाजू मांडली.

तो देवमाणूस होता असे नाही. आपला आजार त्याने मित्रांपासून फार काळ लपवून ठेवला. कुणी जवळ येऊ लागले, की तो कधी चिडे, तोडून बोले. मग त्याने माफीही मागितली. २०१३ मध्ये तो आपल्या ब्लॉगवर आजाराबद्दल उघडपणे लिहू लागला. खेळात माणूस आधी दिसतो आणि खुर्ची दिसतच नाही, हेच त्याला सांगायचे होते.

मेणबत्त्या

१८ नोव्हेंबर २०१४ रोजी, वयाच्या २५ व्या वर्षी मात्स गेला. वडील रॉबर्ट यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी लिहिली आणि खाली आपला ई-मेलचा पत्ता दिला. कोणी वाचेल, अशी फारशी आशा नव्हती. पण एक पत्र आले, मग दुसरे, आणि मग पत्रांची रीघच लागली. कुठल्या कुठल्या देशांतली अनोळखी माणसे त्यांच्या मुलासाठी रडत होती. आपल्या मुलाला आपण ओळखलेच नव्हते, हे त्या आईवडिलांना तेव्हा कळले.

ओस्लोमध्ये व्हिगेलांडच्या शिल्पांची प्रसिद्ध बाग आहे. तिच्या शेजारीच वेस्त्रे ग्राव्हलुंड ही मोठी दफनभूमी आहे. तिथल्या प्रार्थनागृहात अंत्यविधी झाला. परदेशातून स्टारलाइटचे पाच जण आले होते. मात्सला त्यांच्यापैकी कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. ज्यांना प्रवासखर्च झेपत नव्हता, त्यांच्यासाठी मंडळाने वर्गणी काढली होती. शवपेटीवर मंडळाचा ध्वज होता. मंडळाच्या प्रमुखाने सांगितले, की याच वेळी नेदरलँड्समधल्या एका वर्गात, स्वीडनच्या एका ग्रंथालयात आणि आणखी कितीतरी ठिकाणी मात्ससाठी मेणबत्त्या जळत आहेत. ज्या मुलाला पुढे पुढे घराबाहेर पडणेही अवघड झाले होते, त्याच्यासाठी इतक्या गावांतून दिवे लागले.

वाट अजून आहे

२०१९ मध्ये नॉर्वेच्या सरकारी प्रसारण संस्थेने ही कथा जगापुढे आणली. मागे राहिलेल्या संभाषणांच्या हजारो पानांवरून दिग्दर्शक बेंजामिन रे यांनी त्याचे खेळातले आयुष्य चित्रपटात उभे केले. २०२४ च्या सनडान्स महोत्सवात त्या चित्रपटाला प्रेक्षकांचे आणि दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी खेळ बनवणाऱ्या कंपनीने मात्सच्या आठवणीत एक कोल्ह्याचे पिल्लू खेळात विक्रीस आणले. त्यातून ड्यूशेनवरील संशोधनासाठी २० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली.

स्टारलाइटच्या लोकांना मात्र यापेक्षा आपला जुना रिवाज प्रिय आहे. त्याच्या स्मृतिदिनाच्या सुमारास ते एल्विनच्या जंगलात जमतात आणि इबेलिन ज्या वाटेने धावत असे, त्या वाटेने सगळे मिळून धावतात. आपण वर्षश्राद्धाला पान वाढतो किंवा फोटोला हार घालतो, तसेच हे आहे. माणूस ज्या जागी जगला, त्याच जागी त्याची आठवण काढावी, हेच खरे.

आपल्या घरातही एखाद्या खोलीचे दार बंद असते आणि आत पडद्याचा उजेड असतो. "पुरे झाले आता!" असे ओरडण्याचा हक्क आईवडिलांना आहेच, आणि कधी कधी ओरडावेही लागते. पण त्याआधी एकदा आत जाऊन शेजारी बसावे आणि विचारावे, "तू आत्ता कुठे आहेस? तिथे तुझ्याबरोबर कोण आहे?" रॉबर्ट आणि त्यांच्या पत्नीला या प्रश्नाचे उत्तर मिळाले, पण मुलगा गेल्यावर.