डोईवर भारा नसलेला डोंगर

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मुलीच्या आग्रहाखातर आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ब्लॅक बाल्सम हा डोंगर चढलो. उंची ६,२१४ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही जास्त. पण ब्लू रिज पार्कवे हा ७५५ किलोमीटरचा निसर्गरम्य रस्ता डोंगराजवळूनच जातो, त्यामुळे पायी चाल थोडीच उरते. या रस्त्यावर प्रवेशशुल्क नाही आणि मालट्रकही नाहीत.

सोबत आमची आई होती. वय ७२, गुडघे दुखरे. झाडी संपली आणि समोर माथ्यापर्यंत नुसते गवत! आई थबकली. लहानपणी तिने लोकांच्या बांधावर गवत कापून भारे विकले होते.

"एवढं गवत, आन् कापाया कुणीच न्हाई?"

"आजी, इथे पूर्वी दाट जंगल होतं," मुलगी म्हणाली. "लाकडासाठी ते तोडलं. मग १९२५ आणि १९४२ च्या वणव्यांत उरलेलं जळालं. तेव्हापासून हे गवत."

माथ्यावर आई खडकावर बराच वेळ बसली. चोहीकडे निळ्या डोंगररांगा. उतरताना आम्ही तिचा हात धरू लागलो, तर तिने तो सोडवून घेतला.

"ऱ्हाऊ द्या. डोईवर भारा न्हाई, असा डोंगर आज पहिल्यांदाच उतरतेय."