सक्तीचा चिंचोका

पत्त्यांच्या खेळात एक्क्याचे कौतुक सारेच करतात. राजा-राणीच्या वाट्यालाही थोडेफार येते. पण मला विचाराल, तर तीन पत्तीच्या खेळात माणसाची खरी पारख करतो तो बूट. पायातला नव्हे! पाने वाटण्याआधी प्रत्येकाने मध्ये जे टाकायचे, तो बूट. हाती काय येणार ह्याची कल्पना नसताना तो भरावा लागतो. न भरणाऱ्याला पाने मिळत नाहीत. जन्माला येताना आपण सारेच असा काहीतरी बूट भरून येत असलो पाहिजे.

कोल्हापुरात आमच्या घरी लक्ष्मीपूजन झाले, फराळाच्या बशा उचलल्या गेल्या, की सतरंजीवर डाव बसतो. पैसे लावायचे नाहीत, हा दंडक. जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा, आणि मास्तराला अब्रूची भीती त्याच्याही आधीपासूनची! म्हणून आमचे चलन चिंचोक्यांचे. पण नाणे बदलले म्हणून लोभ बदलतो, असे मात्र समजू नका.

प्रत्येक बैठकीत एक गृहस्थ असतोच. सहा जण बसले आहेत, बुटाचे सहा चिंचोके मध्ये पडले आहेत. हा आपली पाने उचलतो, ओठ घट्ट मिटतो आणि दोन चिंचोक्यांची चाल करतो. हाती असते दुर्री, पंजी आणि सत्ती! बाकीचे एकमेकांकडे पाहतात, ‘जाऊ दे, एक चिंचोका तर गेला’ असे म्हणतात आणि पाने टाकतात. सहाच्या सहा चिंचोके त्याच्या मांडीखाली जातात.

त्याचा हिशेब पाहा. दोन लावायचे आणि सहा उचलायचे. तीनदा पकडला गेला, तर सहा गेले; चौथ्यांदा साधले, की सहा आले. म्हणजे चारांत एकदा थाप पचली तरी त्याची बरोबरी होते. त्याच्यापुढे नुकसान ठेवायचे, तर चारांत तीनदाहून अधिक वेळा कोणीतरी त्याला अडवले पाहिजे.

अडवायचे कसे? येथे दोन स्वभाव दिसतात. एक म्हणतो, ‘माझा चिंचोका आहे तो!’ आणि कसलीही पाने घेऊन प्रत्येक वेळी भांडायला उठतो. मध्यरात्रीच्या आत त्याची वाटी रिकामी होते. दुसरा प्रत्येक वेळी सोडून देतो. त्याचीही होते, फक्त सावकाश. दोघांचीही गफलत एकच. बुटाचा चिंचोका मध्ये पडला, की तो कोणाचाच राहिलेला नसतो. गेलेल्याचा राग धरून उपयोग नाही आणि गेला म्हणून उदार होण्यातही अर्थ नाही. आता पुढे राहायला काय पडते, मिळाले तर किती मिळते आणि हाती काय आहे, एवढेच विचारायचे.

ह्या खेळाचा एक परदेशी भाऊबंद आहे, स्टड पोकर. त्यात काही पाने झाकलेली, काही उघडी. बूट तर सर्वांनी भरायचाच. शिवाय ज्याचे उघडे पान सर्वांत हलके, त्याच्यावर पहिली बोली लावण्याची आणखी एक सक्ती. दुबळ्यावरच दुहेरी पट्टी! मग समोरचा उघडा राजा मिरवीत बोली वाढवतो आणि सारे लुटू पाहतो. पण जाणता खेळाडू त्या राजाला भीत नाही. तो आधी इतरांची उघडी पाने पाहतो. दोन राजे दुसऱ्यांपुढे पडलेले दिसले, तर ह्याच्या झाकलेल्या पानांत राजा असण्याचा संभव फारच थोडा.

आमच्या तीन पत्तीत पाने सारी झाकलेली. तेथे आधार एका हिशेबाचा. बावन्न पानांतून तीन पानांचे हात होतात २२,१००. त्यांपैकी १६,४४० हातांत ना जोडी, ना रंग, ना क्रम. जोडी किंवा तिच्याहून वरचे हात ५,६६०. म्हणजे सुमारे चारांत एक. आता उरलेल्या पाच जणांनी एवढाच नेम केला, की जोडी किंवा त्याहून बरे आले तर हटायचे नाही, एरवी मुकाट्याने पाने टाकायची. तर पाचांपैकी एकाच्या तरी हाती तसा हात असण्याचा संभव शेकडा सुमारे ७७ निघतो. चारांत तीनदाहून थोडा अधिकच! कोणीही शूर झालेला नाही, आणि तरी लुटारूचा धंदा बसला.

हेच काम एकट्याच्या गळ्यात पडले, तर? त्याला चारांत तीनदा उभे राहावे लागेल. आणि चारांत तीनदा चांगली पाने कोणाला येतात?

ह्या प्रश्नाची किंमत मला ठाऊक आहे ती माझ्या आत्यामुळे. करवीर तालुक्यातल्या एका गावी तिचे दीड एकर रान होते. तिच्यासारखीच आणखी चार लहान राने, आणि पाचांनाही लागून एका बड्या बागायतदाराचा ऊस. नांगरटीला त्याचा नांगर दरसाल पाचही बांध थोडथोडे कोरून जाई. वीतभर मातीसाठी मोजणी कोण आणणार, म्हणून चौघे गप्प बसत. आत्या विधवा. तिने एकटीने सरकारी मोजणी मागवली, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आणि त्या पायी हातातल्या पाटल्या विकल्या.

“आक्का, वीतभर मातीसाठी पाटल्या?” वडील कळवळून म्हणाले.

“अरं, यंदा वीत, फुडच्या साली वीत. माझ्या पोराच्या वक्ताला निस्ता बांध ऱ्हायाचा,” ती म्हणाली.

हद्दीचे दगड बसले, पुढल्या नांगरटीला हलले. तिने पुन्हा अर्ज केला. तिसऱ्या वर्षी शेजारच्या दोघांनी मोजणीचे पैसे भरले, आणि त्या साली नांगर हद्दीवर थांबला. दिवाळीच्या फराळाला शेजारी आले. त्यांतला एक म्हणाला, “आक्का, तू हुतीस म्हणून वाचलो.” आत्याने त्याच्या बशीत आणखी एक करंजी ठेवली.

“मी हुते. तुमी कुठं हुतासा?”

रान आज तिच्या मुलाकडे आहे, पुरते दीड एकर. पाटल्या काही परत आल्या नाहीत.

तेव्हापासून डावात कोणी ओठ मिटून चाल केली, की मी त्याच्याकडे पाहत नाही. बाकीच्या चौघांकडे पाहतो. प्रत्येकाची नजर शेजाऱ्यावर असते. यंदा आपल्या घरी डाव मांडलात, तर शेजाऱ्याचे तोंड न्याहाळण्याआधी आपली पाने नीट पाहा. काही नसेल तर खुशाल टाका, त्यात कमीपणा नाही. पण नव्वीची का होईना, जोडी असेल, तर दोन चिंचोके पुढे सरकवा आणि बसून राहा. नाही तर ते काम घरातल्या कोणा एका आत्यावर पडते.