मान धरेपर्यंत

मिरचीचं रोप कोलमडतं तेव्हा आधी सुकत नाही. पानं हिरवीगार असतात, शेंडाही ताजा असतो. फक्त मातीलगतची मान पाणचट होते, दोऱ्याइतकी बारीक होते आणि सकाळी रोप आडवं पडलेलं दिसतं. ट्रेच्या एका कोपऱ्यात दोन-तीन पडली की दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारची पडतात.

पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या गच्चीवर दर माघ-फाल्गुनात मिरची, वांगी आणि टोमॅटोची रोपं करणाऱ्या काकूंना या एका गोष्टीने आयुष्यभर झपाटलं आहे. बी किती खोल टाकायचं, सावली किती द्यायची, हे विचारलं तर त्या एका वाक्यात सांगतात. रोपाची मान कशी धरते, हे विचारलं की दुपार सरते.

रोगाचा शोध जुना आहे. बिहारमधल्या पुसा इथे काम करणारे ई. जे. बटलर यांनी १९०७ साली, हा रोग आणणाऱ्या पिथियमवर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला होता. आज शास्त्रज्ञ पिथियमला खरी बुरशी मानत नाहीत. त्याचे बीजाणू मातीतल्या पाण्याच्या पातळ थरातून अक्षरशः पोहत जातात आणि कोवळं खोड गाठतात. रायझोक्टोनिया नावाची बुरशीही रोपाची मान अशीच कुजवते. बियाण्याला थायरम किंवा ट्रायकोडर्मा चोळून पेरणं सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याचा उपयोगही होतो. पण बीजाणूला पोहायला पाणीच मिळालं नाही तर निम्मं काम तिथेच होतं, असं काकूंचं ठाम मत आहे, आणि ते बरोबर आहे.

अडचण पुण्याच्या वसंतातच आहे. फेब्रुवारीत पहाट गार असते आणि दुपार तापते. दोन वाजेपर्यंत कोकोपीटचा वरचा थर फिका पडून कोरडा दिसायला लागतो, तळाशी मात्र पिळलं तर पाणी निघेल इतकी ओल असते. घरी रोपं करणारा माणूस ऑफिसातून येतो, वरचा रंग पाहतो आणि संध्याकाळी पाणी घालतो. मग रात्रभर गारव्यात मानेपाशी ओल राहते. काकू म्हणतात, पाणी सकाळीच, तेही खालची ओल पाहून. ही ओल बघायची कशी, हाच सगळा प्रश्न आहे. त्यांनी तो आजवर तर्जनीने सोडवला. बोट कडेने आत सरकवायचं, पेरभर गेलं की थांबायचं, बाहेर काढून अंगठ्यावर घासायचं. वाफसा आहे की चिखल, हे त्यांना डोळे मिटूनही कळायचं.

त्यांचं माहेर रोह्याकडचं. तिथे भाताची रोपं करण्याआधी राब भाजतात: जमिनीवर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर, वर बारीक माती, आणि आग वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे ती धडाडून न पेटता हळूहळू जळते. वरच्या थरातलं तणाचं बी मरतं, रोगाचं बीही बरंचसं. १८८०च्या दशकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगलखात्याने टहाळ तोडण्यावर बंधनं घातली तेव्हा शेतकऱ्यांनी एवढा विरोध केला की सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. रोपाच्या जागेसाठी माणसं किती लढतात, हे काकू फार अभिमानाने सांगतात. गच्चीवर भाजणं शक्य नाही, म्हणून त्या मे महिन्यात पुढच्या वर्षाची माती भिजवून पारदर्शक प्लॅस्टिकखाली उन्हात ठेवतात. इस्राएलमध्ये याकोव कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९७६ साली मांडली. काकूंच्या लेखी मात्र तो राबच.

गेल्या पावसाळ्यापासून काकूंच्या बोटांची टोकं बधिर झाली आहेत. मधुमेहामुळे. सुई टोचली तर कळते, ओल कळत नाही. हे त्यांनी सोसायटीत कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण पाडव्याच्या सुमारास रोपं वाटणाऱ्या काकू ही त्यांची ओळख आहे. 'तुमच्याच वांग्याला फळं धरली, नर्सरीच्या नाही' हे वाक्य ऐकायला त्या वर्षभर थांबतात, आणि तसं कबूलही करतात.

नर्सरीबद्दल त्यांचं मत कडक आहे. प्रो-ट्रेमधलं रोप एकसारखं असतं, मुळांचा गोळा न फुटता निघतो, शेतकऱ्याचा वेळ वाचतो, हे सगळं त्या मान्य करतात. राग आहे तो घाईवर. दोन पानांवरच्या रोपाला १९:१९:१९ खत पाजून आठवड्यात उंच करायचं, शेडनेटखाली आणखी लांबवायचं आणि विकायचं. जास्तीच्या नत्राने खोड मऊ होतं आणि मऊ खोड रोगाला लवकर बळी पडतं. शिवाय मांजरी गोटा या वांग्याचं रोप मागितलं तर संकरित वांग्याचं हातात ठेवतात, ही त्यांची जुनी तक्रार.

शेजारच्या कॉलेजकन्येने यंदा शिकायला यायचं ठरवलं. पहिल्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघरातला वजनकाटा वर आणला.

"काकू, ट्रे भिजवल्यावर वजन करायचं, मग रोज सकाळी. अमुक एवढं कमी झालं की पाणी."

काकूंना ते आवडलं नाही. पण तिच्या ट्रेमधली एकही मान बारीक झाली नाही. काकूंना आनंद झाला, आणि त्याच आनंदात थोडी जळजळही होती. ज्या बोटासाठी चाळीशी-पन्नाशी खर्ची पडली, त्याचं काम स्वयंपाकघरातल्या काट्याने भागावं, हे पचायला जड होतं.

तरी त्यांनी काट्यातली उणीव शोधून काढली. काटा सांगतो पाणी किती, कुठे आहे ते सांगत नाही. तळ कोरडा आणि वरचा थर ओला, किंवा उलट, दोन्हीला आकडा एकच. म्हणून आता मुलगी आधी वजन बघते, मग बोट घालते आणि काकूंना शब्दांत सांगते. काकू उलट विचारतात: "बोटाला चिकटली का? चिमटीत दाबल्यावर फुटली की गोळी झाली? वास कसा आहे गं?" मुलगी कधी नेमकं सांगते, कधी अडखळते. वासाबद्दल ती अजून नीट बोलू शकत नाही, आणि काकू तिथे जास्त वेळ थांबतात, कारण कुजक्या ओलीचा वास मान बारीक होण्याआधी येतो, असा त्यांचा अनुभव आहे.

सध्या वांग्याची रोपं चार पानांवर आहेत. लावणीआधी आठवडाभर पाणी कमी करून रोपं काटक करायची, हे दोघींना मान्य आहे. काटा किती उतरला की हात आखडायचा, यावर मात्र रोज सकाळी गच्चीवर वाद चालू आहे.